लग्नाखाली गेलेला शेवट

मी आयुष्यात थापा किती मारल्या ते मोजायला बसलो, तर कारखान्याचा एक गळीत हंगाम त्यातच संपेल. एकदा मी सणसरच्या कॅनॉलमधून मगर ओढून काढली होती. एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर मला पळवून न्यायला आलेल्या दोन गुंडांना पेरू खाऊ घालून परत पाठवलं होतं. लोक ऐकायचे, हसायचे, तंबाखू मळायचे आणि कामाला लागायचे. त्यांचं काही जात नव्हतं, माझं काही येत नव्हतं. पण एक थाप खरी मानली गेली. ती एका सिनेमाच्या शेवटाबद्दल होती, आणि ती मानणारा माझा सगळ्यात जवळचा मित्र होता.

त्या थापेला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. शतक संपायला आलं होतं आणि माझ्या हिशेबानं ती थाप मुरून माती झाली होती. तेवढ्यात एका शनिवारी हा मित्र कारखान्याच्या फाटकाशी मला अडवून म्हणाला, "सापडला."

"काय सापडलं?"

"आपला पिच्चर. बारामतीत, स्टँडम्होरच्या गाड्यावर. सीडी हाय, हिंदीत. आन आख्खा हाय बरं का, शेवटासकट. उद्या दुपारी घरी ये."

मी येतो म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली.

त्याला सगळे पैलवान म्हणत. सात-आठ वर्षांत त्यानं लंगोट बांधला नव्हता, तरी म्हणत. कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जिथं रांगेत लागतात ते केनयार्ड, आणि तिथं कुठली गाडी कुठं लावायची ते शिट्टी वाजवून सांगणं हे त्याचं काम. शिट्टी तोंडात, डावा हात वर. उजवा हात खांद्यापासून दोरीला बांधल्यासारखा खाली. तो हात छातीच्या वर जात नव्हता. नवे ड्रायव्हर आधी गोंधळायचे. मग सवय व्हायची. पैलवानाचा डावा हात वर गेला की वीस टनांची ट्रॉली निमूट मागं सरायची.

तो उजवा हात का वर जात नव्हता, ते मला ठाऊक होतं. म्हणून मला तो सिनेमा परत बघायचा नव्हता.

झालं होतं ते असं. नव्वदीची सुरुवात असेल, आम्ही दोघं अठरा-एकोणीसचे. भवानीनगरच्या अलीकडं रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड होतं, त्यात एकानं व्हिडिओ सुरू केला होता. खिडक्यांना साखरेची रिकामी पोती लावून भर दुपारी अंधार करायचा. समोर टेबलावर टीव्ही, खाली पाचट पसरून त्यावर घोंगड्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की एकदा एका बाईनं त्यावर भाकरी थापून टाकली आणि मध्यंतरापर्यंत ती फुगली. मी स्वतः खाल्ली. एका बाजूनं करपली होती, तेवढं खोटं बोलणार नाही.

मालकाकडं चार-पाच कॅसेटी होत्या, पण चालायची ती एकच. परदेशातला मारामारीचा सिनेमा. बंदरातल्या एका होडीवाल्याचा पोरगा असतो. गावातल्या बड्या मालकाचा मुलगा त्याला भर बाजारात तुडवतो. मग पोराला एक म्हातारा भेटतो, सुकी मासळी विकणारा, तोंडात एकच दात. तो ह्याला शिकवतो आणि शेवटी गावच्या उत्सवात मोठ्या ओट्यावर दोघांची लढत लागते. एवढं कुणालाही नुसतं बघून कळायचं. बाकीचं सगळं इंग्रजीत होतं.

आणि आमच्यात इंग्रजी येणारा माणूस म्हणजे मी. दहावीला त्या विषयात दोनदा नापास झालो होतो, म्हणजे बाकीच्यांनी एकदाच शिकलेला विषय मी तीनदा शिकलो होतो. मालकानं मला टीव्हीशेजारी उभं केलं. हातात उसाचं टिपरू घेऊन मी पडद्यावरच्या माणसांचं बोलणं मराठीत सांगायचो. मला तिकीट नाही, वर चहा-भजी.

एखादी बाई पडद्यावर रडायला लागली की मी म्हणायचो, "ही पोराची मावशी. हिचं लग्न मोडलंय." गोरा पोलिस आला की, "हा प्रांतसाहेब. पाण्याच्या पाळीचं बोलायला आलाय." कुणी शंका काढली नाही. एक म्हातारे आबा तेवढे पुढं बसून कधीतरी विचारायचे, "आरं, ते मघापस्नं येवढं बोललं आन तू दोनच शब्दात सांगितलंस?" मी म्हणायचो, "आबा, इंग्रजी लई लांबड भाषा हाय. आपल्या दोन शब्दात त्यांचं पान संपतं."

अडचण एकाच ठिकाणी होती. सिनेमाच्या मधल्या अर्ध्या तासात म्हातारा पोराला नुसता पाडत असायचा. जिन्यावरून ढकलायचा, होडीतून ढकलायचा, वाळूत, चिखलात, दगडांवर. पोरगं पडायचं, उठायचं, परत चढायचं, परत पडायचं. हे का, ते मला ओ की ठो कळत नव्हतं. मी सांगून टाकलं, "म्हाताऱ्याची मासळी ह्येनं मांजराला घातली. त्येची शिक्षा चालू हाय."

लोकांना पटलं. आमच्याकडं पडणं म्हणजे शिक्षाच. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास. ती लागू नये म्हणून तालमीत पोरं वर्षानुवर्षं माना घट्ट करत बसतात. पडायला शिकवणारा वस्ताद असू शकतो, हे आमच्या पंचक्रोशीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. उलट ते पडणं बघून लोक पोट धरून हसायचे.

आता शेवटाचं सांगतो. लढतीच्या आदल्या दिवशी मालकाच्या मुलाची माणसं पोराचा उजवा हात मोडतात. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून पोरगं ओट्याच्या पायऱ्या चढतं. ढोल वाजतो. समोरचा कमरेचा पट्टा आवळतो. पोरगं म्हाताऱ्याकडं बघतं. म्हातारा मान हलवतो. आणि तेवढ्यात पडद्यावर गुलाबी फेटा बांधलेला एक अगडबंब माणूस जिलबी खाताना दिसतो.

शेडचा मालक लग्नाचं शूटिंगही करायचा. इंदापुरातल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर त्याची कॅसेट संपली. पिशवीत आमचा सिनेमा होता. पहिल्याच खेळाला ऐन लढतीत लाईट गेलेली आणि रिवाइंड करायचा कंटाळा, म्हणून टेप तिथंच थांबलेली. त्यानं कॅसेटच्या पाठीची मोडलेली खाच चिकटपट्टीनं बुजवली, म्हणजे तिच्यावर परत उतरवता येतं, आणि सिनेमाच्या शेवटावर ते लग्न उतरवलं. जिलबीवाला मामा, अक्षता, रुसलेली करवली, पंगत, आणि मग नवरी रडत जीपमध्ये बसते तिथं कॅसेट खलास. पुढंपुढं तर असं झालं की पाऊण सिनेमा उरकल्यावर आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका यायच्या, खास लग्न बघायला. नवरी जीपमध्ये बसली की त्या पदरानं डोळे पुसायच्या. सिनेमा संपल्यावर शेडमधून अर्धे लोक रडत आणि अर्धे शिव्या देत बाहेर पडायचे.

शिव्या देणाऱ्यांसाठी मी होतो. "पुढं काय झालं मग?" म्हणून गराडा पडला की मी भज्याचा घास गिळून म्हणायचो, "मी पुण्याला थेटरात बघितलाय." पुणं मी तोवर नकाशातसुद्धा नीट बघितलं नव्हतं. मग मी शेवट सांगायचो. पोरगं गळ्यातली झोळी उपसून फेकतं, एका डाव्या हातानं त्याला उचलतं आणि असं आपटतं की ओट्याच्या फळ्या फुटून गडी खालच्या समुद्रात. दर खेपेला त्यात भर पडायची. पुढं तिघं आले, मग मालक स्वतः आला, दिवाळीच्या सुमाराला तर एक रेडाही आला. पण झोळी फेकणं आणि एका हातानं जिंकणं, हे मी कधी बदललं नाही. ते मलाही आवडायचं.

पैलवानानं तो शेवट किती वेळा ऐकला असेल, देव जाणे. दर वेळी तो शेडच्या दाराशी उभा राहून ऐकायचा, आणि झोळीपाशी आलो की त्याचे ओठ माझ्याबरोबर हलायचे.

त्याच्या घरी आज्यापर्यंत मेंढरं होती. बापानं मेंढरं काढून शेती धरली, ऊस लावला, आणि पोराला पैलवान करायचं डोक्यात घेतलं. पोरगं होतंही तसं. मान बैलासारखी, आणि स्वभाव मात्र दावणीला बांधलेल्या वासरासारखा. वस्तादांनी त्याला शब्द दिला होता, यात्रेतली कुस्ती मारलीस तर बारामतीच्या मोठ्या तालमीत तुला ठेवतो. त्याला दुसरं काही नको होतं. तो झोपेतसुद्धा बारामती म्हणायचा, असं त्याची आई सांगायची, आणि ती थापा मारत नव्हती.

यात्रेला पंधरा दिवस असताना जोर करताना त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला आणि दोन महिने माती बंद म्हणून सांगितलं. वस्ताद म्हणाले, "ह्या साली बस. यात्रा काय कुठं पळून जात न्हाय."

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तो शेडवर आला. हात गळ्यात बांधलेला. त्यानं सिनेमा बघितला, लग्नही बघितलं. मग चहाच्या गाड्याशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांग. तू पुण्याला बगितलायस न्हवं?"

"म्हणजे काय. पुढून तिसऱ्या रांगेत बसून."

"झोळी फेकतो?"

"फेकतो."

"आन एका हातानं मारतो?"

तिथं मला थांबता आलं असतं. मी रोज इतक्या लोकांना इतकं काही सांगत होतो, की त्यातलं एखादं वाक्य कुणी उचलून घरी नेईल, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हणालो, "आईशपथ. थेटरात लोक खुर्च्यावर उभे ऱ्हायले व्हते."

दुसऱ्या दिवशी यात्रेत त्यानं झोळी फेकली. माझ्यासमोर, आखाड्यामागच्या बाभळीखाली. वस्तादांना त्यानं खांदा बरा झालाय म्हणून सांगितलं होतं, पण तो अजून सुजलेला होता. त्यांची नजर सुजेवर पडली असती तर त्यांनी कान धरून बाहेर काढलं असतं. म्हणून आम्ही मातीत पाणी कालवून खांद्याला जाड लेप दिला, की सूज दिसू नये. आम्ही म्हणजे मी. ती माती मी माझ्या हातानं चोळली, आणि चोळताना त्याला सिनेमाचा शेवट पुन्हा एकदा सांगितला. रेड्यासकट.

त्याला जोड मिळाली इंदापूरकडची. हलगी तापली होती. पहिली दोन मिनिटं तर माझाच शेवट खरा ठरायच्या बेतात होता. त्यानं एका डाव्या हातानं पायाला धरून असा पट काढला की माणसं उठून उभी राहिली, आणि मला क्षणभर वाटलं, आपण पुण्याला खरंच जाऊन आलो असू. मग समोरच्यानं त्याला फिरवला. तो पाठीवर चालला होता. अजूनही ते मला सावकाश दिसतं. तसाच पडला असता, तर फक्त कुस्ती गेली असती. पण आमच्यात कोण तसं पडतो? पाठ लागू नये म्हणून त्यानं उजवा हात खाली रोवला आणि दोघांचं वजन त्या हातावर आलं. उसाचं कांडं मोडतं तसा आवाज झाला. हलगीतूनही ऐकू आला.

पाठ नंतर लागलीच.

वस्ताद मला म्हणाले, "तू सांगितलंस व्हय रं ह्येला, लढ म्हणून?"

"न्हाय, वस्ताद," मी म्हणालो. तीही एक थापच, पण छोटी होती, कुणाच्या लक्षात आली नाही.

त्यानंतर बारामतीच्या तालमीचं नाव कुणी काढलं नाही. त्याला केनयार्डात लावलं. शेडमधला व्हिडिओ बंद पडला. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय झालो, म्हणजे कुणाचा ऊस कधी लागला, कधी तुटणार ह्याची वही घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. तोडणीची टोळी कधी येणार हे मला ठाऊक नसायचं आणि शेतकऱ्याला तर ते ऐकल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. "उद्या येतीय तात्या, टोळी निघालीय." दिवसाला तीस-चाळीस ठिकाणी हेच. ज्या कामासाठी देवानं मला घडवलं होतं तेच मिळालं, आणि पाच हंगामांत त्याचा असा वीट आला की घरी गेल्यावर बायकोनं जेवायला वाढू का विचारलं तरी खरं उत्तर द्यायचं जिवावर यायचं.

तर तो रविवार. आधी मी लाईट जाण्याची वाट बघितली. इतर दिवशी आमच्याकडं लाईट येते कधी हा प्रश्न असतो. त्या दिवशी ती हलेना. शेवटी गेलो.

पैलवान सतरंजी अंथरून बसला होता. सलग दोन पाळ्या करून सकाळीच घरी आलेला, डोळे तांबारलेले, पण दाढी केलेली. लग्नाला निघाल्यासारखा. त्याची छोटी मुलगी सीडीचं कव्हर उलटंसुलटं करून बघत होती. सीडी दोन होत्या. सिनेमा लांब असला की तो दोन तबकड्यांत भरलेला असायचा, आणि शेवट अर्थातच दुसरीत. पैलवान पोरीला पाणी आणायला पाठवून पंखा लावायला उठला, तेवढ्यात मी दुसरी सीडी उचलून चिटबुकाच्या पिशवीत टाकली. पाच हंगाम शेतकऱ्यांना गुंगारा दिलेला माणूस मी, मला ते जड गेलं नाही.

मग सिनेमा लागला. आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझी अब्रू जायला सुरुवात झाली.

"ही त्येची आई हाय," पैलवान म्हणाला. "तू मावशी सांगितलीवतीस."

"आईसारखीच मावशी."

"लग्न मोडल्यालं म्हणलावतास. हितं तर तिचा नवरा बुडालाय."

"ते पुण्याला कापलं व्हतं."

तो हसला. तो प्रांतालाही हसला, जो जकात नाक्याचा शिपाई निघाला. मला वाटलं होतं सिनेमा तरी तसाच मोठा असेल. पण समुद्र तलावाएवढा होता, ओटा आमच्या सोसायटीच्या धक्क्याएवढा, आणि बड्या मालकाचा तो राक्षस मुलगा म्हणजे सतरा वर्षांचं मिसरूड फुटलेलं पोरगं. ज्याच्यासाठी आम्ही उन्हात तीन-तीन मैल चालत गेलो, ते एवढंसंच होतं. म्हातारा तेवढा म्हातारा राहिला होता. तो आता माझ्या बापासारखा दिसायला लागला होता.

मग ते पडणं आलं. म्हाताऱ्यानं पोराला पहिल्यांदा जिन्यावरून ढकललं आणि तो हिंदीत म्हणाला, मारायला कुणीही शिकवेल, तू आधी पडायला शीक. ज्याला पडता येतं त्याचं हाड मोडत नाही.

मांजराचं नावही नव्हतं.

मी पैलवानाकडं बघायचं धाडस केलं नाही. पडद्यावर पोरगं वाळूत पडत होतं, खांदा आत घेऊन, हात सैल सोडून, पोत्यासारखं. परत परत. शेवटी मी तिरप्या नजरेनं पाहिलं. पैलवान झोपला होता. भिंतीला टेकून, तोंड उघडं, डावा हात मांडीवर, उजवा बाजूला टाकून दिल्यासारखा. ते वाक्य त्यानं ऐकलं की त्याआधीच डोळा लागला, मला कधी कळलं नाही.

पहिली सीडी संपली. निळा पडदा आला. मी वाचलो होतो. हळूच उठून जायचं, उद्या म्हणायचं, तू झोपलास म्हणून मी गेलो, आणि दुसरी सीडी कॅनॉलला अर्पण.

त्याची बायको दारात आली. ती दळणाचा डबा घेऊन निघाली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, रिकाम्या कव्हराकडं बघितलं, आणि माझ्या पिशवीकडं बघितलं.

"भावजी, दुसरी सीडी तुमच्याकडं हाय का?"

"धूळ बसंल म्हणून ठेवली व्हती."

"बरं केलंत," ती म्हणाली. "बघा तुमी. त्येस्नी उठवू नका, दोन रात्री डोळं मिटलं न्हाईत. पाचला परत पाळी हाय." पोरीला घेऊन ती गेली. ती रागानं दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

मी सीडी हातात धरून बसलो. आता गंमत बघा. शेवट मलाही माहीत नव्हता. इतकी वर्षं मी जो शेवट शेकडो लोकांना सांगितला, ज्याच्यावर एका माणसाचा हात गेला, तो खरा काय होता हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी सीडी घातली. आवाज अगदी बारीक केला.

पोरगं पायऱ्या चढलं. ढोल वाजला. समोरच्यानं पट्टा आवळला. पोरानं म्हाताऱ्याकडं बघितलं, म्हाताऱ्यानं मान हलवली. इथं मला सवयीनं जिलबी दिसली. पण जिलबी आली नाही. समोरचा धावून आला, आणि त्याचा हात लागायच्या आत पोरगं पडलं. आपणहून. खांदा आत घेऊन, शिकवल्यासारखं, पोत्यासारखं. लोक हसले. पोरगं उठलं, त्या मुलाला वाकून नमस्कार केला, आणि पायऱ्या उतरून खाली आलं. ढोल दुसऱ्यासाठी वाजत राहिला. म्हाताऱ्यानं पोराची झोळी सारखी केली आणि दोघं मासळीच्या टोपल्या उचलून घराकडं चालायला लागले. वाटेत म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, भूक लागली का. संपला सिनेमा.

ना झोळी फेकली, ना फळ्या फुटल्या. रेडा तर सोडाच.

मी तसाच बसलो. राग आला होता खरं म्हणजे. एवढ्यासाठी? मग राग गेला आणि नुसता थकवा राहिला. हंगामाच्या शेवटी येतो तसा, झोपून न जाणारा.

"संपला?" पैलवान जागा झाला होता.

"संपला."

"च्यायला. माझा डोळा लागला." त्यानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "शेवट आला का? सांग की."

तो माझ्याकडं बघत होता. तसाच, चहाच्या गाड्याशी बघितलं होतं तसा. माझ्या तोंडात शेवट तयार होता. झोळी, फळ्या, समुद्र, सगळं. त्याला ती सीडी परत लावून बघायची सवड हंगाम संपेपर्यंत मिळणार नव्हती, आणि तोवर तिला ओरखडे पाडणं माझ्या हातात होतं.

"पडला," मी म्हणालो.

"कोण?"

"पोरगं. आपणहून पडलं. उठलं, नमस्कार केला आन म्हाताऱ्याबरोबर घरी गेलं."

"लढलंच न्हाय?"

"न्हाय."

"आपणहून पडायचं," तो म्हणाला. "आपल्यात त्येला चीत म्हणत्यात." मग म्हणाला, "पुण्याला येगळा व्हता का मग शेवट?"

दार त्यानंच उघडून धरलं होतं. मी नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"मी पुण्याला गेलोच नव्हतो," मी म्हणालो. "मला कायबी म्हाईत नव्हतं. मीच रचला व्हता."

त्यानं मान हलवली. एखादा गाडीवान येऊन म्हणतो, टायर बसलाय, आता गाडी हितंच ऱ्हाणार. तेव्हा तो हलवतो तशी. गाडी कुठं लावायची एवढाच प्रश्न उरतो.

"तुझा बरा व्हता," तो म्हणाला.

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. तो उठला, खुंटीवरचा सदरा डाव्या हातानं काढला. सदरा घालायची त्याची एक रीत होती. आधी उजवी बाही, कुणीतरी खालून धरायची, मग बाकीचं त्याचं तो. एरवी बायको धरायची. ती गिरणीत होती. मी उठून बाही धरली. त्यानं तो हात हळूहळू आत सारला, कोपरापाशी थांबला, दम घेतला, परत सारला.

"पर त्या पोराचा हात जुळून शाबूत ऱ्हायला आसंल," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "ऱ्हायला."

त्यानं डाव्या हातानं गुंड्या लावल्या. शिट्टी गळ्यात घातली. दाराशी चपला घालताना म्हणाला, "फाटकापत्तूर सोड मला. पायी जायचा कट्टाळा आलाय." मी मोटारसायकल काढली आणि तो मागं बसला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून.